भज्यांचा दिवस

आमच्या ‘सुखसंध्या’ वृद्धनिवासात सणावाराला भजी होत नाहीत. सणाला शिरा होतो, एकादशीला साबुदाण्याची खिचडी होते, तीही चिकट. भजी होतात ती कुणीतरी गेलं की. लोहारा-माकणी रस्त्यावरच्या या इमारतीला एकच मोठं दार आहे, आणि त्या दारातून मयत बाहेर नेताना म्हाताऱ्यांनी पाहिलं तर त्यांच्या मनावर परिणाम होतो, असं आमचे व्यवस्थापक भीमाशंकर सर यांचं मत आहे. म्हणून इथं कुणाचा श्वास थांबला की स्वयंपाकघरात कढई चढते. आम्हा सगळ्यांना मागच्या जेवणघरात बोलावतात, दार लोटतात, टीव्हीवर कीर्तन मोठ्यानं लावतात आणि गरमागरम कांदाभजी वाढतात. आम्ही खात असतो तोवर पुढून गाडी निघून जाते. नंतर कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं आहे: “मुलीकडं गेल्या.” “पुतण्या घेऊन गेला.” ज्यांना मुलगीही नाही आणि पुतण्याही नाही, त्यांच्यासाठी “मोठ्या दवाखान्यात हलवलंय” हे राखून ठेवलेलं आहे.

म्हाताऱ्या माणसाचे कान जातात, डोळे जातात, पण नाक बऱ्यापैकी टिकतं. भज्यांचा वास आला की आम्ही आधी एकमेकांकडे बघतो, मग मोकळ्या खुर्च्यांकडे. मग मुकाट्यानं खातो. भजी चांगली असतात, एवढं कबूल केलं पाहिजे.

मी चंद्रप्रभा. तुळजापूरला शाळेत गणित शिकवायचे. लग्न केलं नाही, आणि भाचीच्या संसारात लुडबूड नको म्हणून स्वतःच्या पायांनी इथं चालत आले. इथं मला तोंडावर ‘बाई’ म्हणतात आणि पाठीमागं ‘किरकिरी बाई’. हे मी मनाला लावून घेत नाही, कारण इथं प्रत्येक म्हाताऱ्याची अशी काहीतरी वर्गवारी झालेलीच आहे. जो काही मागत नाही तो गुणी. जो मागतो तो किरकिरा. आणि जो मागतो, पण काय मागतो ते कळत नाही, तो ‘डोक्यातनं गेलेला’. वैद्यकशास्त्राला याहून जास्त काही माहीत असेल, पण आमच्या सेवकवर्गाचं एवढ्यावर भागतं.

सेवकवर्ग म्हणजे शरिफाबी आणि महांतप्पा. शरिफाबी लोहाऱ्याची, पन्नाशीची, रोज सकाळी वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून येते. महांतप्पा उमरग्याच्या पलीकडचा, कर्नाटकाच्या अगदी शिवेवरचा. आंघोळी, औषधं, डायपर, पाठीच्या जखमा, पडलेल्याला उचलणं, रुसलेल्याला जेवू घालणं, हे सगळं या दोघांवर. सर मात्र सोलापूरला ‘ज्येष्ठांचे मानसिक आरोग्य’ या विषयाचं एक दिवसाचं शिबिर करून आले आणि त्यांनी भिंतीवर पाटी लावली: ‘नकारात्मक बोलू नये’. त्या दिवसापासून आमचं मानसिक आरोग्य सुधारलं, असं त्यांनी देणगीदारांना सांगितलं.

मला शरिफाबीचा राग यायचा, पण तो टिकायचा नाही. ती वाईट बाई नव्हती. माझे गुडघे चोळून झाले की स्वतःच्या कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, “बाई, जो गप बसतोय त्यो माझ्यासाठी देव हाय. ज्या दिवशी समदे गप असतेत, त्या दिवशी म्या दोन घास बसून खाते.” अशा बाईला गप बसणाऱ्या माणसाची काळजी वाटावी, ही अपेक्षाच जास्त आहे.

तर गोष्ट वसंतरावांची आहे. वसंतराव तुळजापूरच्याच एका हायस्कूलमध्ये हेडक्लार्क होते आणि आमच्या किरकिऱ्यांचे मुकुटमणी. चहा गार आहे. ताकात पाणी नाही, पाण्यात ताक आहे. पेपर आधी महांतप्पा वाचतो आणि शब्दकोड्यात चुकीची उत्तरं भरून ठेवतो. पंखा फिरतो, पण वारा शेजारच्या खोलीत जातो. माझ्याशी तर त्यांचं रोज सकाळी वाजायचं, कारण मी त्यांच्या आधी उठून व्हरांड्यातली उन्हाची खुर्ची पटकवायचे. शिक्षक आणि हेडक्लार्क यांचं वैर जन्मोजन्मीचं असतं, ते आम्ही निष्ठेनं चालवलं.

त्यांच्या खोलीत दुसरी खाट होती खाजाभाईंची. खाजाभाई एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. वसंतराव दिवसभर बोलायचे आणि खाजाभाई दिवसभर “बरोबर हाय, साहेब, पण तुमचंच चुकतंय” असं म्हणायचे. वसंतरावांकडे वडिलांच्या वेळचा पितळी अडकित्ता होता. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. मी एकदा मागितला होता, तर म्हणाले, “बाई, अडकित्ता आणि पेन उसनं देत नसतात.” रोज जेवणानंतर ते सुपारी कातरायचे, बारीक, एकसारखी, आणि निम्मी खाजाभाईंच्या तळहातावर ठेवायचे. त्यानंतर पाच मिनिटं त्या खोलीतून आवाज येत नसे.

भाद्रपदात गौरीसाठी मैथिली, माझी भाची, मला तुळजापूरला घेऊन गेली. परत आले तेव्हा व्हरांड्यातली उन्हाची खुर्ची रिकामी होती. मी लगबगीनं जाऊन बसले आणि वसंतरावांची वाट पाहिली. ते आले, माझ्याकडे बघून मान लववली आणि सावलीतल्या बाकावर जाऊन बसले. भांडले नाहीत.

“बसा इथं, मी उठते,” मी म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडून आयुष्यात फार कमी वेळा गेलेलं आहे.

“असू द्या, बाई. ऊन काय, सगळीकडं सारखंच.”

शरिफाबी चहा घेऊन आली, तेव्हा मी तिला बाजूला घेतलं. “माझ्या मागं भजी झाली का गं?”

तिनं पदरानं कपाळ पुसलं. “झाली.”

“कोण?”

“खाजाभाई मुलीकडं गेलेत सोलापूरला.”

“शरिफाबी, मी शिक्षिका होते. कोण?”

मग तिचे डोळे भरले. खाजाभाईंना सकाळी थोडा खोकला होता, अंग कोमट होतं, म्हणून ते दुपारी झोपून राहिले होते. दुपारचा चहा द्यायला महांतप्पा गेला तर संपलेलं होतं. वसंतराव तेव्हा व्हरांड्यात शब्दकोडं सोडवत होते. लगेच कढई चढली. संध्याकाळच्या आत लोहाऱ्यातल्या लोकांनी माती केली. सोलापूरची मुलगी, जिच्याकडे खाजाभाई ‘गेले’ होते, ती मातीलाही आली नव्हती.

“आणि वसंतरावांना कुणी सांगितलंच नाही?”

“कसं सांगावं, बाई? सर म्हनले, जिगरी दोस्त व्हता, धक्का बसंल, बीपी वाढंल. चार दिस इचारत व्हते, ‘खाजा कधी येणार? खाजाचा फोन आला का?’ मग बंद झाले इचारायचे. आता लई गुणी झालेत. चहा गार असला तरी पितेत. कायबी म्हनत न्हायत.” तिच्या चेहऱ्यावर खरोखरच समाधान होतं, आणि त्याचीच मला भीती वाटली.

पुढचे दिवस मी वसंतरावांकडे नीट पाहिलं. पाहिलं ते असं. पेपर उघडायचे, पण पान उलटायचे नाहीत. दाढी करायची थांबली होती. ताटातली भाकरी मोडून दाराबाहेरच्या कुत्र्याला घालायचे आणि स्वतः दोन घास खाऊन उठायचे. महांतप्पा कौतुकानं म्हणाला, “काकांच्या मनात लई दया आलीया बघा, बाई. मुक्या जनावराला आपला घास द्येतेत.”

मग त्यांनी वस्तू द्यायला सुरुवात केली. जाड चष्मा समोरच्या खोलीतल्या आजोबांना. रेडिओ महांतप्पाला. मनगटावरचं घड्याळ शरिफाबीला, “तुझ्या नातवाला, झुबेरला दे, शाळेत लागेल” म्हणून. शरिफाबी मला ते घड्याळ दाखवायला आली, तेव्हा लहान पोरीसारखी हसत होती. “एवढं चांगलं घड्याळ, बाई. माझ्या सख्ख्या भावानं कधी दिलं न्हाय.”

“त्यांना वेळ बघायची नाही का आता?” मी विचारलं.

“आता त्यांना कशाचंच काय वाटंना, बाई. मन उठलंय समद्यातनं. फकिरावानी झालेत.”

भीमाशंकर सरांनी याला शुद्ध मराठीत नाव दिलं: विरक्ती. आमच्याकडे ही एक मोठी सोय आहे. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी मोह सोडा, माया सोडा, अन्न सोडा म्हणून इतकं लिहून ठेवलं आहे की आतून विझत चाललेल्या माणसालाही आम्ही हात जोडून नमस्कार करतो. तरुण पोरगं जेवेनासं झालं तर आई डॉक्टरकडे पळते. म्हातारा जेवेनासा झाला तर तो संतपदाला पोचला. मला तर चीड येत होती, आणि या चिडीचं करायचं काय हे कळत नव्हतं, कारण भिंतीवर पाटी होती.

मी सरांकडे गेले. म्हणाले, “वसंतरावांना डॉक्टरकडे न्या. मनाच्या डॉक्टरकडे. उमरग्याला आहेत.”

सरांनी पेन खाली ठेवलं. “बाई, तुम्ही सुशिक्षित आहात, म्हणून बोलतो. वसंतरावांची केस ही आपल्या संस्थेची सक्सेस स्टोरी आहे. किती निगेटिव्ह होते, आणि आता? एक तक्रार नाही. आणि वेड्याच्या डॉक्टरकडे नेलं तर त्यांचा मुलगा शौनक पुण्याहून काय म्हणेल?”

“निदान खाजाभाईंचं तरी सांगा.”

“मी मेंटल हेल्थचा विचार करतो, बाई,” सर म्हणाले आणि पाटीकडे बघितलं.

दुखणं हाल्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. मग मी स्वतःच वसंतरावांच्या खोलीत गेले. दुसऱ्या खाटेवर नवी चादर होती आणि खाटेखाली एका बाजूला खाजाभाईंच्या रबरी चपला तशाच होत्या. माणूस मुलीकडे गेला म्हणे, आणि अनवाणी गेला. एवढं साधं खोटंही यांना नीट झाकता आलं नव्हतं.

“वसंतराव, खाजाभाई...”

“मुलीकडं गेलेत,” ते घाईनं म्हणाले. “सोलापूरला. चांगलं झालं.”

“वसंतराव, ऐका तरी...”

“नको, बाई. शरिफाबीनं इतक्या कळकळीनं सांगितलंय. तिचं मोडवत नाही.” मग उशीखालून त्यांनी अडकित्ता काढला आणि माझ्या हातात ठेवला. “तुम्हाला हवा होता ना? ठेवा. मला आता सुपारी चावत नाही.”

पितळ थंड होतं. मी खोलीवर येऊन खाटेवर बसले आणि हातातल्या अडकित्त्याकडे बघत राहिले. आता या माणसाकडे द्यायला काही उरलं नव्हतं. आणि द्यायचं संपलं की पुढं काय उरतं ते समजायला मला कुठल्या शिबिराची गरज नव्हती. मी त्या दिवशी रडले. मैथिलीला फोन केला, तिनं शौनकला केला, शौनकनं सरांना केला, आणि सरांनी शौनकला सांगितलं की बाबा एकदम मजेत आहेत, उलट एक तारखेला त्यांचा सत्कार आहे. शौनकला आनंद झाला. मग मी महांतप्पाला गाठलं आणि वसंतरावांना एकटं सोडू नकोस म्हणून बजावलं. तो म्हणाला, “त्यांना काय झालंय, बाई? त्यांनाच तर सोडून चालतंय. बाकीच्यांना बघायचंय मला.”

एक ऑक्टोबर हा ज्येष्ठ नागरिकांचा दिवस. त्या दिवशी अंगणात मांडव पडला. मागं फलक: ‘आदर्श आजोबा’, आणि त्यावर वसंतरावांचा जुना, तक्रार करतानाचा फोटो, कारण दुसरा मिळाला नव्हता. उमरग्याहून पाहुणे आले. ते नेमके कोण हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण पांढरी गाडी होती आणि त्यांच्या मागं दोन माणसं होती, म्हणजे कुणीतरी असणार. सरांनी मोबाइल तिवईवर लावून शौनकला व्हिडिओवर घेतलं. वसंतरावांना महांतप्पानं दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीवर आणून बसवलं. सदरा अंगावर लोंबत होता. पाहुण्यांसाठी मागं कढई चढली होती, आणि भज्यांचा वास मांडवात येताच आमच्या सगळ्या रांगा मागं वळून खुर्च्या बघायला लागल्या.

सरांनी माइक हातात घेतला. “वसंतराव आधी फार नकारात्मक होते. पण आमच्या सेवाभावामुळं त्यांच्यात परिवर्तन झालं. त्यांनी वस्तूंचा मोह सोडला, जिभेचे चोचले सोडले. आज ते सर्वांना देतात, कुणाकडं काही मागत नाहीत. असा एक जरी माणूस घरात असला तर घराचं मंदिर होतं.” टाळ्या झाल्या. मग रहिवाशांच्या वतीनं दोन शब्द बोलायला त्यांनी मला बोलावलं. ही त्यांची चूक होती. मी शाळेत होते म्हणून मला बोलता येतं एवढं त्यांना माहीत होतं, काय बोलते ते माहीत नव्हतं.

मी म्हणाले, “या माणसाचा सत्कार करू नका. हा माणूस आजारी आहे. जेवत नाही, भांडत नाही, जवळचं सगळं वाटून मोकळा झालाय. हार बाजूला ठेवा आणि याला आजच्या आज डॉक्टरकडं न्या.”

मग सर मोठ्यानं हसले. “आमच्या बाई आणि वसंतरावांची जुनी जुगलबंदी आहे, पाहुणे. अजून सोडत नाहीत बघा त्यांना.” पाहुणेही हसले, मांडव हसला आणि मला हात धरून खाली बसवण्यात आलं. अपमान मला नवा नाही, पण त्या दिवशी लाजेपेक्षा भीती जास्त होती. माझ्याकडं करण्यासारखं आता काही शिल्लक नव्हतं.

शरिफाबी ताट घेऊन उभी होती. पाहुण्यांनी ताटातला हार घातला, नारळ दिला आणि वसंतरावांच्या खांद्यावर शाल पांघरली. सरांनी माइक त्यांच्या तोंडापुढं धरला. “बोला, काका. दोन शब्द.”

वसंतरावांनी शाल काढली. नीट घडी केली, हेडक्लार्कच्या हातानं, कडेला कड लावून. आणि शरिफाबीच्या ताटात ठेवली. “ही तू ने,” ते म्हणाले. “थंडी अजून लांब आहे. मी तोवर कशाला ठेवू?”

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याग बघायला मिळाला की आपल्या लोकांना भारी वाटतं.

शरिफाबी हलली नाही. तिच्या ताटात शाल होती, आणि घरी झुबेरच्या मनगटावर घड्याळ होतं. ती एकदा शालीकडं बघायची, एकदा त्यांच्याकडं. मग तिनं ताट सरळ जमिनीवर ठेवलं, पाहुण्यांच्या बुटांशी, आणि वसंतरावांच्या खुर्चीपुढं उकिडवी बसली. गुडघे चोळायला बसते तशी.

“काका,” ती म्हणाली, “तुमाला जगू वाटंना झालंय का?”

माइक सरांच्या हातात तसाच पुढं होता. तिचा आवाज मांडवाच्या दोन्ही कर्ण्यांतून रस्त्यापर्यंत गेला. इतक्या दिवसांत हा प्रश्न त्यांना कुणीही विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. मी सगळ्यांना सांगत फिरले, पण त्यांना विचारलं नाही.

वसंतराव तिच्याकडं वाकले. “खाजा कुठंय, ते तू आधी खरं सांग,” ते म्हणाले. “मग मी पण खरं सांगतो.”

सर पुढं सरसावले, “शरिफाबी, पॉझिटिव्ह...” एवढंच म्हणाले. तिनं त्यांच्याकडं बघितलंही नाही.

“वारले, काका. तुमी भजी खात व्हतात तवा त्यांना पुढनं नेलं.”

“मला वाटलं, कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजारी आजी गेल्या,” वसंतराव म्हणाले. आवाज अगदी साधा होता, चहा गार आहे म्हणावं तसा. “म्हणून मी बिनघोर खाल्ली. दुसऱ्यांदा मागून घेतली. खाजाला आवडतात म्हणून कागदात चार बांधून नेली. तर गादी गुंडाळलेली. तू माझ्या हातातला पुडा घेतलास आणि म्हणालीस, सोलापूरला पाठवून देते.”

शरिफाबीनं तोंडावर हात ठेवला. “म्या म्हनले व्हते,” ती म्हणाली. “म्या म्हनले व्हते, काका.”

“मी तिकडं भजी खात बसलो गं. त्याला दोन मुठी माती देता आली असती.” मग ते रडायला लागले. वृद्धनिवासात लोक रडतात ते उशीत तोंड खुपसून, कारण रडलं की सेवकवर्ग लिंबूपाणी आणतो. वसंतराव तोंड उघडून, मोठ्यानं रडले, आणि रडता रडता म्हणाले, “नाही वाटत जगावं. दिवसभर तेच मनात येतं. तू विचारलंस म्हणून सांगितलं.”

शरिफाबीनं त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर धरलं आणि तीही रडली. महांतप्पा आला आणि मागं उभा राहून त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागला. पाहुणे घड्याळ बघत उठले. तिवईवरच्या मोबाइलमध्ये शौनकचं चित्र अडकलं होतं, हसरं, टाळ्या वाजवतानाचं, आणि त्यातून आवाज येत होता, “सर, बाबा काय म्हणाले? ऐकू आलं नाही.” मी उठले आणि तो फोन हातात घेऊन त्याला सगळं सांगितलं. शिक्षिकेच्या आवाजात सांगितलं, म्हणजे त्याला नीट ऐकू आलं.

सरांना त्या दिवशी पांढऱ्या गाडीचं फार वाईट वाटलं. पण शौनक दुसऱ्याच दिवशी पुण्याहून आला आणि वसंतरावांना उमरग्याला त्या डॉक्टरकडं नेलं. परत येताना त्याला आणि महांतप्पाला घेऊन वसंतराव लोहाऱ्याच्या कब्रस्तानात गेले. शरिफाबीही बरोबर होती, पण बायका आत जात नाहीत म्हणून ती फाटकाशी थांबली. महांतप्पानं नंतर सांगितलं की काकांनी ओल्या मातीवर दोन मुठी माती टाकली आणि मग बराच वेळ खाजाभाईंशी भांडले, न सांगता गेल्याबद्दल.

गोळ्यांनी एका रात्रीत काही झालं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की एकटं सोडू नका आणि बोलतं ठेवा. तेव्हापासून रोज वसंतरावांशी कुणीतरी बोलत बसायचं ठरलं, आणि आपोआपच ते काम शरिफाबीवर आलं, कारण सगळी कामं तिच्यावरच येतात. ती करवादायची. “बाई, गुणी व्हते तवा बरं व्हतं,” असंही एकदा म्हणाली. पण म्हणताना तिनं त्यांचं ताट नीट बघितलं, भाकरी संपली का ते. आता ती गप बसलेल्या प्रत्येकाच्या समोर जाऊन उकिडवी बसते आणि तोच प्रश्न विचारते, त्यामुळं दोघं-तिघं घाबरून बोलायला लागले आहेत. आणि भज्यांची कढई बंद झाली. कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजी खरोखरच गेल्या तेव्हा शरिफाबीनं सरांना न विचारता आम्हाला बोलावलं. आम्ही मोठ्या दारात उभे राहून त्यांना निरोप दिला. कुणाचाही बीपी वाढला नाही. नकारात्मक बोलू नये, ही पाटी अजून आहे, फक्त तिच्यावर महांतप्पा त्याचा टॉवेल वाळत घालतो.

परवा दुपारी अचानक भज्यांचा वास आला. आम्ही सगळे दचकलो आणि खुर्च्या मोजायला लागलो. एवढ्यात शरिफाबी दारात आली, हात पिठाचे, कपाळाला आठी.

“कुनी गेलं न्हाय,” ती म्हणाली. “वसंतकाका भांडलेत. म्हनतेत, मेल्यावरच भजी का? जित्या मान्सानं काय पाप केलंय?”

वसंतराव तिच्या मागूनच आले. दाढी केलेली होती. त्यांनी एक भजं मोडलं, आत बघितलं आणि जाहीर केलं की कच्चं आहे. मग माझ्या खुर्चीपाशी येऊन उभे राहिले.

“बाई, माझा अडकित्ता.”

“कुठला अडकित्ता?”

“वडिलांचा. तुमच्याकडं आहे.”

“दिलेली वस्तू परत मागत नसतात, वसंतराव.”

ते लालबुंद झाले. अडकित्ता आणि पेन यांबद्दल, गणिताच्या बायकांबद्दल आणि माझ्या एकूण शिक्षणाबद्दल बरंच बोलले. त्या भरात कच्ची म्हणून नावं ठेवलेली चार भजी त्यांनी उभ्या उभ्या खाल्ली. शेवटी “उद्या सकाळी येतो, तेव्हा द्यावाच लागेल” अशी धमकी देऊन गेले.

अडकित्ता माझ्या उशीखाली आहे. रोज पुसून ठेवते. द्यायचा नाही असं मी आणि शरिफाबीनं मिळून ठरवलं आहे.